हॉट अँड कोल्ड एसी की फक्त गारवा देणारा? घरासाठी निवड कशी करावी

स्प्लिट एसी घ्यायचं ठरलं की किती टनाचा, किती स्टारचा, कोणत्या कंपनीचा यावर घरात बरीच चर्चा होते. एक प्रश्न मात्र बहुतेकांना थेट दुकानातच ऐकू येतो: "हॉट अँड कोल्ड देऊ का? थोडेच पैसे जास्त पडतील." हॉट अँड कोल्ड म्हणजे थंडीत खोली गरमही करणारा एसी. उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं आणि ते यंत्र पुढची दहा-बारा वर्षं भिंतीवर राहतं. पहिल्यांदाच एसी घेणाऱ्यांनी दुकानात जाण्याआधी घरी बसून हा निर्णय कसा घ्यावा, ते इथे क्रमाने मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोवा इथे फक्त थंड करणारा एसी पुरेसा आहे; जास्तीचे पैसे चांगल्या स्टारवर घाला. नाशिक जिल्हा, खानदेश, विदर्भ या भागांत घरात वयस्कर माणसं किंवा तान्हं बाळ असेल, तर एका खोलीपुरता हॉट अँड कोल्ड घेणं योग्य. सगळ्या खोल्यांत नको. पुणे, सातारा, कोल्हापूर, संभाजीनगर इथे शहराच्या नावावरून काही ठरत नाही, तुमचं घर बघूनच ठरवावं लागतं.

पहिली पायरी: यंत्र काय करतं ते समजून घ्या

फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला की गरम लागतं. आतल्या पदार्थांची उष्णता उचलून तो ती बाहेर टाकत असतो. एसी हेच काम खोलीसाठी करतो. आतल्या कॉइलमध्ये गॅस उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या कॉइलकडे ढकलतो आणि ती उष्णता आउटडोअरच्या पंख्यातून बाहेर पडते. फक्त थंड करणाऱ्या एसीत हा प्रवास एकाच दिशेने होतो.

हॉट अँड कोल्डमध्ये एक फोर-वे व्हॉल्व्ह जास्त असतो. तो फिरला की गॅसची वाट उलटते. आउटडोअर बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करतो आणि इनडोअर ती खोलीत सोडतो. बाहेर १० अंश तापमान असलं तरी त्या हवेत उष्णता असतेच, कारण गॅस त्याहून बराच थंड करता येतो. यालाच हीट पंप किंवा रिव्हर्स सायकल म्हणतात.

याचा फायदा विजेच्या बिलात दिसतो. रॉडचा किंवा तेलाचा हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिटच उष्णता देतो, मग तो कितीही महागाचा असो. हीट पंप एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता खोलीत आणून सोडतो, कारण उरलेली दोन युनिटं बाहेरच्या हवेतून आलेली असतात. बाहेर जितकी कडक थंडी, तितका हा फायदा घटतो. उष्णतेची प्रमाणित चाचणी बाहेर ७ अंश तापमान धरून करतात. आपल्याकडची थंडी बहुतेक ठिकाणी याच्या आसपास किंवा वरच असते, म्हणजे हे यंत्र महाराष्ट्रात चांगलं चालतं यात शंका नको. प्रश्न इतकाच, की ते तुमच्या घरी वर्षातून किती तास चालणार.

दुकानात "हीट पंप" म्हणालात तर विक्रेता कदाचित पाणी तापवणारं यंत्र दाखवेल. हॉटेलांत आणि सोसायट्यांच्या गच्चीवर असतं ते. त्यामुळे "रिव्हर्स सायकलवाला हॉट अँड कोल्ड स्प्लिट" असं स्पष्ट सांगा. आणि विचारा, "यात आत हीटर कॉइल आहे की गॅसवरच गरम होतो?" काही जुन्या विंडो एसींमध्ये साधी तापणारी कॉइल बसवलेली असे. तसं असेल तर तो रॉड हीटरच, विजेची बचत शून्य.

दुसरी पायरी: बातमीतली थंडी बाजूला ठेवा, खोलीतली मोजा

नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश नोंदले गेले. मुंबईतही २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश तापमान होतं. हे आकडे वाचून अंगावर काटा येतो, पण एसी निवडायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. ती पहाटेची, उघड्यावरची तापमानं आहेत आणि आपण त्या वेळी पांघरुणात असतो.

महत्त्वाचं आहे ते तुम्ही ज्या खोलीत बसता-झोपता तिथलं तापमान. विटांच्या भिंती आणि स्लॅब दिवसभराची उष्णता धरून ठेवतात. पुण्यात मधल्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, वर-खाली आणि शेजारी माणसं राहत असतील, पश्चिमेची भिंत दुपारी तापत असेल, तर बाहेर १० अंश असतानाही आत बऱ्याचदा १९-२० अंश सापडतात. तिथे स्वेटर पुरतो. त्याच शहरात मोकळ्यावर असलेलं रो-हाऊस, वर गच्ची, उत्तरेकडची खोली, असं असेल तर आतलं तापमान सहज तीन-चार अंशांनी खाली जातं. निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यातल्या पत्र्याच्या घरात आत-बाहेर फारसा फरकच उरत नाही.

म्हणून शे-दोनशे रुपयांचा खोलीचा थर्मामीटर आणा. डिसेंबरचा उत्तरार्ध ते मकरसंक्रांत या दिवसांत रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर आकडा वहीत लिहा. थर्मामीटर पलंगाच्या उंचीवर ठेवा, खिडकीजवळ किंवा टीव्हीच्या मागे नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावेत असं सुचवलं आहे. तुमच्या नोंदी सातत्याने १८ च्या वर असतील, तर निर्णय झाला. फक्त थंड करणारा घ्या आणि थेट पाचव्या पायरीवर जा. १८ च्या खाली दिवसच्या दिवस जात असतील, तर पुढचा हिशोब करण्यासारखा आहे.

एसी उन्हाळ्यात घ्यायचा असेल आणि मोजायला हिवाळा हाताशी नसेल, तर घरातल्यांना सरळ विचारा: गेल्या थंडीत हीटर किती रात्री लावला? किती वेळ? कोणत्या खोलीत? स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांचं आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचं उत्तर जास्त खरं धरा. कमावती मंडळी दिवसभर बाहेर असतात, घरातली थंडी त्यांना कळत नाही.

तिसरी पायरी: रुपयांचा हिशोब

दोन्ही प्रकारांच्या किमतीतला फरक मॉडेलप्रमाणे काही हजार रुपयांचा असतो. हिशोबासाठी ६,००० धरू. विजेचा दर युनिटला १० रुपये धरू. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढत जातो आणि हीटरची वीज नेहमीच्या वापरावर चढणारी असल्यामुळे ती वरच्या टप्प्याच्या दराने पडते. म्हणून सरासरी दर न धरता तुमच्या बिलातला शेवटचा लागू टप्पा बघा.

नाशिकजवळचं एक घर घेऊ. साठ रात्री, रोज चार तास, म्हणजे २४० तास. तेलाचा २,००० वॉटचा हीटर थर्मोस्टॅटमुळे मधूनमधून बंद होतो, सरासरी १,२०० वॉट धरले तर २८८ युनिट होतात. तेवढीच उष्णता हीट पंपाकडून घेतली तर साधारण ९६ युनिट. बचत १९२ युनिट, म्हणजे हंगामाला १,९२० रुपये. तीन-साडेतीन हिवाळ्यांत जास्तीचे ६,००० वसूल.

आता पुण्यातलं मधल्या मजल्यावरचं घर. वीस रात्री, रोज दोन तास. हीटरला ४८ युनिट, हीट पंपाला १६. बचत ३२ युनिट, वर्षाला ३२० रुपये. पैसे फिटायला अठरा वर्षांहून जास्त लागतील, तोवर एसीच बदलून झालेला असेल. अशा घराने एक साधा हीटर ठेवावा आणि फक्त थंड करणारा एसी घ्यावा.

तुमचे तास आणि तुमचा दर घालून हाच हिशोब कागदावर करा, पाच मिनिटांचं काम आहे. वर्षाला १५० तासांच्या आत वापर असेल तर वरच्या आकड्यांनी पैसे फिटायला पाच वर्षांहून जास्त लागतात, म्हणून निव्वळ पैशाच्या दृष्टीने हॉट अँड कोल्ड परवडत नाही, असं मी धरतो.

दिल्ली, गुरुग्राम, चंदीगडकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी मात्र उत्तर सोपं आहे. तिथे उन्हाळा आपल्याइतकाच कडक आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्याचे दिवसच्या दिवस उन्हाविना जातात, दुपारीसुद्धा हीटर लागतो. तिथे हॉट अँड कोल्डच घ्या. कॅनडात, जर्मनीत किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात घर असलेल्यांसाठी गणितच उलटं आहे. तिथे यंत्राचा आकार थंडीवरून ठरतो, उणे २५ अंशांपर्यंत चालणारी खास मॉडेलं मिळतात, आउटडोअर बर्फाच्या थराच्या वर स्टँडवर बसवावा लागतो आणि घराचा उष्णतेचा हिशोब करून देणारा कंत्राटदारच निवडावा. अमेरिकेत त्या हिशोबाला मॅन्युअल जे म्हणतात. तो न करता नुसत्या क्षेत्रफळावर आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नका.

चौथी पायरी: घरात कोण आहे

इथे मी पैशाचा हिशोब बाजूला ठेवायला सांगेन. सत्तरी ओलांडलेली माणसं, दमा किंवा हृदयविकार असलेले, अंथरुणाला खिळलेले आणि नवजात बाळं यांना थंडी आपल्यापेक्षा जास्त बाधते. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजतेय हेही कधीकधी उशिरा कळतं.

अशा खोल्यांत अजूनही कोळशाची शेगडी ठेवली जाते. बाळंतिणीच्या खोलीत शेक घ्यायला निखारे, वर ओव्याची धुरी आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. हे अत्यंत धोक्याचं आहे. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. शेगडी पेटवलेल्या खोलीत दार-खिडकी उघडी हवी आणि शेगडी आत ठेवून कोणीही झोपू नये, एवढं तरी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

हीट पंपात खोलीत काहीच जळत नाही. लाल तापलेला रॉड नाही, पदर किंवा गोधडी पेटण्याची भीती नाही, लहान मूल हात लावेल ही धास्ती नाही. या कारणासाठी कोणी हिशोबात न बसणारा हॉट अँड कोल्ड घेत असेल, तर मी त्याला अडवणार नाही. तापमान २१-२२ अंशांवर ठेवा आणि झोत थेट बाळावर किंवा म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर येऊ देऊ नका. हवा तापली की कोरडी वाटते, ओठ-घसा सुकतो. २६-२७ पर्यंत तापवण्याचा मोह टाळला की हा त्रास बराच कमी होतो.

गावाकडच्या घरांसाठी एक अडचण आहे. रात्री वीज गेली की हे यंत्र बंद, आणि घरातल्या साध्या इन्व्हर्टर-बॅटरीवर ते चालत नाही. रजया, घोंगड्या माळ्यावर टाकू नका.

पाचवी पायरी: आधी फटी बुजवा

हे काम कोणताही एसी घेण्याआधीचं आहे आणि जवळजवळ फुकट आहे. आपल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची फेल्टपट्टी झिजलेली असते, दाराखाली बोटभर फट असते, बाथरूमच्या वरच्या काचेच्या पट्ट्या कायम उघड्या असतात. उन्हाळ्यात गार हवा तिथून जाते, थंडीत गरम. नवी फेल्टपट्टी, दाराखालचा ब्रश, जाड पडदे एवढं करून पुन्हा थर्मामीटर बघा. काही घरांत पहाटेचं तापमान इतकं सुधारतं की उष्णतेचा प्रश्नच संपतो.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीचा स्लॅब हा खरा शत्रू. त्यावर चायना मोझेक किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग केला तर उन्हाळ्यात मोठा फरक पडतो. थंडीत त्या रंगाने स्लॅब थोडा कमी तापेल, पण आपल्याकडे उन्हाळा लांब आणि थंडी आखूड, त्यामुळे सौदा फायद्याचाच.

गॅसचा गीझर, गॅसची शेगडी किंवा देवघरातली समई त्याच खोलीत असेल तर मात्र फटी सरसकट बुजवू नका. तिथे हवेला वाट हवीच.

सहावी पायरी: टन आणि स्टार कसे वाचायचे

महाराष्ट्रात एसीचा आकार उन्हाळ्यावरूनच ठरवा. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट गारवा. १०० ते १२० चौरस फुटांच्या, वर दुसरा मजला असलेल्या खोलीला एक टन बहुधा पुरतो. दीडशे फुटांच्या आसपास, किंवा वर उघडी गच्ची आणि पश्चिमेची भिंत असेल, तर दीड टन. ज्या यंत्राला मे महिन्यात खोली थंड ठेवता येते त्याला जानेवारीत ती उबदार ठेवणं जड जात नाही. "गरमसाठी मोठा घ्या" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता स्टारबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, एसीला जे तारे देतं ते आयएसईईआर या आकड्यावरून देतं. तो आकडा वर्षाचे १,६०० तास आणि २४ ते ४३ अंशांचं बाहेरचं तापमान धरून काढतात. म्हणजे पूर्णपणे गारव्याचा आकडा. उष्णता देताना तो एसी किती वीज खातो, याबद्दल त्या ताऱ्यांत काहीही नाही. पाच स्टारचा हॉट अँड कोल्ड गरम करतानाही पाच स्टारचा असेल असं समजू नका.

उष्णतेसाठी माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: हीटिंग कपॅसिटी आणि हीटिंगची वीज, दोन्ही वॉटमध्ये. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ३.५ किंवा वर आलं तर छान, ३ च्या खाली आलं तर दुसरं मॉडेल बघा. सोबत उष्णतेसाठी बाहेरचं किमान तापमान किती चालतं हेही तपासा. आपल्याकडे शून्यापर्यंत चालणारं पुरून उरतं. विक्रेत्याकडे हे आकडे नसतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर घालून बघा. कुठेच नसतील, तर ते मॉडेल सोडून द्या.

स्टारचा तक्ता मधूनमधून कडक केला जातो. जुलै २०२२ मध्ये तो बदलला तेव्हा आदल्या दिवसापर्यंतचे पाच स्टारवाले बरेच एसी चार स्टारवर आले. म्हणून जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर तारे मोजू नका, लेबलवरचं वर्ष आणि आयएसईईआरचा आकडा बघा.

मुंबई-कोकणातल्यांना मी जे सुरुवातीला सांगितलं त्याचं कारण इथे आहे. दीड टनाच्या तीन आणि पाच स्टारमध्ये लेबलप्रमाणे वर्षाला साधारण दोनशे ते अडीचशे युनिटांचा फरक पडतो. वर्षातले आठ-नऊ महिने रोज रात्री एसी लावणाऱ्या घराला ही बचत दरवर्षी मिळते, थंडी पडो न पडो. पावसाळ्यात दमट हवेसाठी लागणारा ड्राय मोड फक्त थंड करणाऱ्या एसीतही असतो, त्यासाठी हॉट अँड कोल्डची गरज नाही.

समुद्राकाठी आणखी एक गोष्ट आहे. खाऱ्या हवेने आउटडोअरची कॉइल आणि बारीक जोड गंजतात, गॅस गळतो. हॉट अँड कोल्डमध्ये फोर-वे व्हॉल्व्ह, त्याची विजेची कॉइल, जास्तीचे झाळलेले जोड असतात. वापरणारच नसाल तर बिघडू शकणाऱ्या वस्तू कशाला विकत घ्यायच्या? व्हॉल्व्ह अडकला तर भर उन्हाळ्यात एसी गरम हवा फेकतो, आणि तो बदलायचा म्हणजे गॅस काढणं, झाळकाम, पुन्हा गॅस भरणं, असा सगळा खटाटोप.

सातवी पायरी: जागा आणि फिटिंग

चांगला एसी वाईट फिटिंगमुळे वाया जातो आणि हॉट अँड कोल्डला तर फिटिंग दुप्पट नीट लागतं.

उष्णता देत असताना आउटडोअरची कॉइल थंड पडते, तिच्यावर हवेतलं बाष्प साचतं आणि पाणी खाली ठिबकतं. म्हणजे एरवी इनडोअरच्या ड्रेन पाइपमधून येणारं पाणी थंडीत आउटडोअरखाली येणार. खाली शेजाऱ्यांचा सज्जा किंवा वाळत घातलेले कपडे असतील तर भांडण ठरलेलं. अशा मॉडेलबरोबर आउटडोअरच्या तळाला बसवायचा ड्रेनचा एल्बो येतो; फिटिंगवाले तो बऱ्याचदा पिशवीतच ठेवतात. तो बसवून पाइप जोडून घ्या. सोसायटीत बाहेरच्या भिंतीवर स्टँड लावायला परवानगी लागते, ती आधीच घ्या, आणि दुरुस्तीवाला सुरक्षितपणे उभा राहू शकेल अशीच जागा निवडा. दहाव्या मजल्यावर दोरीला लटकून काम करणाऱ्या मुलाच्या जिवाचा विचार यंत्र बसवतानाच करायचा असतो.

पाइपांवरचं काळं इन्सुलेशन जाड आणि अखंड हवं, दोन्ही पाइपांना वेगवेगळं. गरम करताना जाड पाइप चांगलाच तापतो, उघडा राहिला तर ऊब भिंतीबाहेरच संपते. जोडणी झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढायला सांगा. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची जुनी पद्धत चालवून घेऊ नका. आजच्या बहुतेक एसींत आर-३२ गॅस असतो आणि तो थोडासा ज्वलनशील आहे, त्यामुळे काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट किंवा उदबत्तीही नको. जुन्या एसीचे पाइप भिंतीत आहेत म्हणून तेच वापरू, असं सुचवलं तर नकार द्या. जुन्या गॅसचं तेल त्यांत राहिलेलं असतं.

विजेचं काम ओळखीच्या वायरमनकडून आधी करून घ्या: मीटरच्या बोर्डापासून एसीसाठी वेगळी लाइन, दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग. हॉट अँड कोल्ड घेणाऱ्यांनी बिलावरचा मंजूर भारही बघावा. उन्हाळ्यात एसी चालतो तेव्हा गीझर बंद असतो. थंडीत पहाटे दोन्ही एकदम चालतात, त्यात इंडक्शनची भर पडते. गीझर २,००० वॉट, एसी दीड हजाराच्या आसपास, शेगडी आणखी दोन हजार. भार कमी मंजूर असेल तर वाढवून घ्या.

इनडोअर बसवताना खाली कपाट किंवा आडवा पडदा येणार नाही असं बघा. गरम हवा वर जाते, म्हणून उष्णतेच्या मोडमध्ये पात्या खाली वळवाव्या लागतात आणि झोत जमिनीपर्यंत पोचायला मोकळी जागा लागते. छताचा पंखा अगदी मंद ठेवला तर वर साचलेली ऊब खाली येते.

आठवी पायरी: बिल, पडताळणी आणि पहिली थंडी

रिमोटवर सूर्याचं चिन्ह किंवा हीटचं बटण आहे म्हणून एसी हॉट अँड कोल्ड आहे असं धरू नका. कंपन्या एकच रिमोट अनेक मॉडेलांना देतात आणि फक्त थंड करणाऱ्या एसीवर ते बटण काहीच करत नाही. आउटडोअरवरच्या पट्टीत हीटिंग कपॅसिटीचा आकडा छापलेला असेल तरच खरं. बिलावर इनडोअर आणि आउटडोअर दोघांचे मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. किंमत विचारताना स्टँड, जास्तीचा पाइप आणि फिटिंग धरून एकूण आकडा विचारा. सोबत येणारा पाइप बहुधा तीन मीटरचाच असतो. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलात तोच लागलाय ना तेही बघा.

उन्हाळ्यात बसवलेल्या एसीची उष्णता त्याच दिवशी नीट तपासता येत नाही, कारण बाहेर ऊन असताना बरीच मॉडेलं गरम मोडमध्ये चालायलाच नकार देतात. म्हणून डिसेंबरातल्या पहिल्या थंड पहाटे तो मुद्दाम लावून बघा, वर्षाची वॉरंटी संपायच्या आत. हीट मोड, २२ अंश. सुरुवातीला दोन ते पाच मिनिटं आतला पंखा फिरणार नाही; कॉइल तापेपर्यंत गार झोत अंगावर येऊ नये म्हणून तशी सोय असते. दहा मिनिटांत हवा हाताला स्पष्ट गरम लागली पाहिजे.

महाबळेश्वरसारख्या दमट थंडीच्या जागी, किंवा उत्तरेकडच्या धुक्यात, आउटडोअरवर बर्फाचा पातळ थर धरतो. मग एसी मधेच आपली दिशा उलटवून तो वितळवतो. आतला पंखा थांबतो, फुसकारा ऐकू येतो, बाहेरून वाफ निघते आणि भसकन पाणी पडतं. काही मिनिटांनी तो आपणच पूर्ववत होतो. हा बिघाड नाही, मेकॅनिकला बोलवू नका आणि बर्फ खरवडू नका. पण दर दहा-पंधरा मिनिटांनी हेच होत असेल, बर्फ वितळतच नसेल, किंवा अर्ध्या तासानेही हवा कोमट असेल, तर गॅस कमी आहे किंवा व्हॉल्व्ह नीट फिरत नाही. खोलीतल्या थर्मामीटरचा आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा, बिलावरचा सीरियल नंबर जोडा आणि त्याच आठवड्यात कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.